वाचकांचे प्रश्न : मंजुरीपत्रातल्या अटी आणि देशांपलीकडचे विज्ञान धोरण

संशोधनाला पैसा कोण पुरवतो, या विषयावर गेल्या अंकात लिहिल्यानंतर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांचा धागा एकच असल्याने ती या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी पुतणी युरोपात सागरी जीवशास्त्रात संशोधन करते. तिला पैसे मिळतात ते तिथल्या राष्ट्रीय संस्थेकडून, पण तिच्या बोलण्यात सतत ‘ब्रुसेल्सचा नियम’ येतो. मग धोरण ठरवते कोण? पैसा देणारा देश, की देशांच्या वर बसलेली संस्था? आपल्याकडे राज्य सरकार आणि जिल्हा परिषद यांचे जसे नाते असते, तसेच हे समजायचे का? (निवृत्त शिक्षक, देवगड)

उत्तर : आपली उपमा घेऊनच सांगते, मात्र ती उलटी धरावी लागेल. जिल्हा परिषदेचा बहुतेक पैसा वरून येतो आणि पैशाच्या मागोमाग नियमही वरून येतात. युरोपात सरकारी संशोधन खर्चाचा फार मोठा हिस्सा आजही त्या त्या देशाच्या तिजोरीतून जातो. युरोपीय संघाचा 2021 ते 2027 या सात वर्षांचा ‘होरायझन युरोप’ कार्यक्रम आखला तेव्हा सुमारे 95.5 अब्ज युरोंचा होता. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी सदस्य देशांची सरकारे याच काळात स्वतः संशोधनावर जे खर्च करतात त्यापुढे तो लहान आहे. म्हणून युरोपीय संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समध्ये एखादे धोरण कागदावर उतरले, तरी राष्ट्रीय निधी संस्थांनी ते आपापल्या मंजुरीपत्राच्या अटींमध्ये घातल्याशिवाय आपल्या पुतणीच्या प्रयोगशाळेपर्यंत ते पोहोचत नाही. या संस्थांना हे पक्के ठाऊक असते, आणि त्यामुळेच धोरण तयार होऊन येण्याची वाट न पाहता त्याचा मसुदा होत असतानाच त्या बोलू लागतात.

इथे ‘अधिराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ सांगून ठेवते. दोन देशांनी करार करून एकत्र काम केले, तर ते आंतरराष्ट्रीय सहकार्य होय. अनेक देशांनी मिळून स्वतःच्या वर एक रचना उभी केली आणि तिचे निर्णय आपल्या घरातही मानायचे ठरवले, तर ती रचना अधिराष्ट्रीय. युरोपीय संघ हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

जर्मनीची डीएफजी, नेदरलँड्सची एनडब्ल्यूओ, ऑस्ट्रियाची एफडब्ल्यूएफ अशा राष्ट्रीय निधी संस्थांनी ऑक्टोबर 2011 मध्ये ‘सायन्स युरोप’ ही संघटना स्थापन केली आणि तिचे कार्यालय ब्रुसेल्समध्येच ठेवले. त्याआधीही या संस्थांचे प्रमुख एका मंडळात भेटत असत, आणि 1974 पासून स्ट्रासबुर्गमध्ये युरोपियन सायन्स फाउंडेशनही होतेच. फरक असा पडला, की आता संघाच्या पुढच्या सात वर्षांच्या कार्यक्रमाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी सर्वांचे एकत्रित म्हणणे लेखी स्वरूपात टेबलावर ठेवले जाते. याखेरीज काही देशांच्या संस्था ब्रुसेल्समध्ये स्वतःची माणसेही ठेवतात. ब्रिटनच्या संशोधन परिषदांचे कार्यालय तिथे 1984 पासून आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडला तरी ते बंद झाले नाही, आणि 2024 पासून सहयोगी देश म्हणून ब्रिटन होरायझन कार्यक्रमात परतला.

मात्र माझ्या मते या संस्थांचे खरे बळ त्यांच्या संघटनेत किंवा कार्यालयांत नाही. ते छाननीच्या अनुभवात आहे. मी काही वर्षे प्रस्तावांच्या छाननी समितीवर काम केले आहे. खाडीतल्या कालवांच्या शेतीवरचा एक प्रस्ताव मला अजून आठवतो. एका परीक्षकाने त्याला शंभरपैकी नव्वदच्या आसपास गुण दिले होते आणि दुसऱ्याने चाळीसच्या आत. पहिल्याला प्रश्नाचे महत्त्व दिसले होते, तर दुसऱ्याला नमुने गोळा करण्याच्या पद्धतीतली त्रुटी दिसली होती, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी सरासरी काढून मोकळे व्हायचे, तिसरा परीक्षक बोलवायचा, की अर्जदाराला समोर बसवून विचारायचे, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नसते. ते शेकडो प्रस्ताव हाताळून अंगवळणी पडते, आणि हे शहाणपण राष्ट्रीय संस्थांकडे साठलेले असते.

म्हणूनच 2007 मध्ये युरोपियन रिसर्च कौन्सिल हे संघाचे निधी मंडळ सुरू झाले, तेव्हा त्याचा साचा बराचसा राष्ट्रीय परिषदांच्या कामातून घेतलेला होता: विषय संशोधकाने निवडायचा, निवड समकक्ष तज्ज्ञांनी करायची, निकष एकच, तो म्हणजे गुणवत्ता, आणि दिशा ठरवायची ती शास्त्रज्ञांच्याच मंडळाने. पुढे हा ओघ उलटाही वाहू लागला. या कौन्सिलच्या कसोटीत उत्तम ठरलेल्या, पण पैसा अपुरा पडल्याने मागे राहिलेल्या प्रस्तावांना काही देशांच्या संस्था आपल्या निधीतून मदत करू लागल्या. तेव्हा आपल्या पुतणीचा ‘ब्रुसेल्सचा नियम’ बहुधा तिला पैसा देणाऱ्या संस्थेनेच ब्रुसेल्सला जाऊन मांडलेला असेल, आणि तिथून तो तिच्याकडे परत आला असेल.

प्रश्न : मी मत्स्यविज्ञानात पीएच.डी. करते. माझा पेपर एका परदेशी जर्नलने स्वीकारला, पण छापण्यासाठी मागितलेले शुल्क माझ्या कित्येक महिन्यांच्या फेलोशिपएवढे आहे. चौकशी केल्यावर ‘जर्नल आता प्लॅन एसच्या नियमांनुसार चालते’ असे कळले. मी भारतीय, काम भाट्ये खाडीतले, पैसा भारत सरकारचा. युरोपचा नियम मला का लागू व्हावा? (संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि हे पत्र वाचून मला खरोखर वाईट वाटले. राष्ट्रीय निधी संस्थांनी मंजुरीपत्रात घातलेली एक अट देशाच्या सीमा ओलांडून किती दूर पोहोचते, याचे प्लॅन एसइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

4 सप्टेंबर 2018 रोजी अकरा राष्ट्रीय निधी संस्थांनी एकत्र येऊन जाहीर केले, की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख प्रसिद्ध होताक्षणी जगात कोणालाही विनामूल्य वाचता आले पाहिजेत. फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स, नॉर्वे, पोलंड, स्वीडन, ऑस्ट्रिया, आयर्लंड, इटली, लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनिया अशा देशांच्या या संस्था होत्या, आणि ही घोषणा म्हणजेच प्लॅन एस. सायन्स युरोपचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क शिल्ट्झ हे लक्झेंबर्गच्या राष्ट्रीय निधी संस्थेचे प्रमुख होते, आणि संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाच्या बाजूने रॉबर्ट-यान स्मिट्स यांनी या योजनेची आखणी केली. म्हणजे राष्ट्रीय आणि अधिराष्ट्रीय असे दोन्ही हात त्यात होते. पण आयोगाने कायदा केला नाही. पैसा देणाऱ्यांनी आपापल्या अनुदानाला एकसारखी अट जोडली, आणि तेवढ्यानेच जगभरच्या प्रकाशकांना आपला व्यवहार बदलावा लागला. शास्त्रज्ञांना लेख छापायला मनाई झाली, तर जर्नलकडे लेख येणार कुठून?

मूळ हेतू चांगला होता, असे मी आजही मानते. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला कुलपाआड मिळावे, यात न्याय नाही. परंतु आखणी करताना संशोधकांना फार उशिरा विचारले गेले. हजाराहून अधिक शास्त्रज्ञांनी विरोधाचे खुले पत्र लिहिले. मसुद्यावर मते मागवली, तेव्हा सहाशेहून अधिक प्रतिसाद आले, आणि मुळात 2020 च्या आरंभी लागू व्हायची अट एक वर्ष पुढे ढकलावी लागली. जर्मनीची डीएफजी सुरुवातीपासून यात सामील झाली नाही. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या शास्त्रज्ञ मंडळाने आधी दिलेला पाठिंबा जुलै 2020 मध्ये काढून घेतला. ज्या संस्था एकत्र येऊन धोरण उभे करतात, त्यांच्यापैकी काही बाजूला झाल्या की धोरणाला वळण घ्यावे लागते, हेही यातून दिसले.

तुमच्यावर आलेला भार या वळणांतूनच आलेला आहे. वाचकाकडून मिळणारी वर्गणी आटणार हे दिसताच अनेक प्रकाशकांनी तोच खर्च लेखकाकडून वसूल करायला सुरुवात केली. युरोपातल्या लेखकाचे शुल्क त्याची निधी संस्था भरते. तुमच्या मंजुरीपत्रात त्यासाठी रकाना नसतो. अतिगरीब देशांतल्या लेखकांना प्रकाशक शुल्कमाफी देतात, पण भारत बहुधा त्या पूर्ण माफीच्या यादीत बसत नाही. दोन्हीकडून कात्रीत सापडलेला देश आपला.

आपल्या सरकारनेही यात सामील होण्याचा विचार केला होता. फेब्रुवारी 2019 मध्ये तत्कालीन प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी भारत प्लॅन एसमध्ये जात असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, भारत त्यात न जाता स्वतःचा मार्ग धरेल, असे सांगितले. त्या मार्गाचे फळ म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या 6,300 हून अधिक संस्थांना यातून वाचायला मिळतात. वाचनाचा प्रश्न यामुळे बराच हलका झाला. लेखकाच्या शुल्काचा प्रश्न मात्र वर्गणी भरून सुटत नाही, आणि भारत त्या टेबलावरून उठून आला नसता, तर आपल्यासारख्या देशांच्या लेखकांची बाजू तिथे अधिक जोराने मांडता आली असती, असे मला वाटते.

आता तुमच्यापुरते. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर 2014 मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण जाहीर केले. या विभागांच्या पैशातून झालेल्या कामाचा स्वीकृत मसुदा, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनंतर अंतिम झालेला पण जर्नलच्या छापील मांडणीत न बसवलेला लेख, संस्थेच्या संग्रहात ठेवावा, असे ते सांगते. तुमचा निधी यांपैकी एका विभागाचा असेल, तर शुल्क न घेणाऱ्या, वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलकडे लेख पाठवून मसुदा संग्रहात ठेवण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे; मात्र त्या जर्नलची मुदतीची अट, म्हणजे मसुदा किती काळाने खुला करता येईल ते, आधी वाचून घ्या. सायन्स युरोप आणि प्लॅन एसवाल्या संस्थांनीही मार्च 2022 मध्ये इतरांसह ‘डायमंड’ प्रकाशनाचा कृती आराखडा मांडला. त्यात वाचकालाही पैसे पडत नाहीत आणि लेखकालाही नाहीत. चूक ध्यानात आल्यावर निधी संस्था स्वतःचेच धोरण दुरुस्त करू लागल्या, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. मार्गदर्शकांशी बोलताना आणखी एक विचारा: पुढच्या प्रस्तावात प्रकाशन खर्चाचा स्वतंत्र रकाना मागता येतो का?

प्रश्न : मी पर्यटकांना समुद्राखाली पोवळी दाखवायला नेतो. गेल्या काही वर्षांत पाणी बदलताना दिसते. युरोपात अनेक देश मिळून एका समुद्राचा अभ्यास करतात, असे वाचले. अरबी समुद्रासाठी तसे का होत नाही? (स्कूबा मार्गदर्शक, मालवण)

उत्तर : तुम्ही वाचलेले बहुधा बाल्टिक समुद्राविषयीचे असावे. त्या समुद्राला शेतातून वाहून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसने ग्रासले आहे. शेवाळ माजते, ते कुजताना तळाचा प्राणवायू संपतो, आणि कुठलाही एक देश आपला किनारा स्वच्छ ठेवून यातून सुटू शकत नाही. काठावरच्या आठ देशांच्या निधी संस्थांनी आधी एक जाळे उभे केले आणि मग ‘बोनस’ नावाचा सामायिक कार्यक्रम आखला. 2010 मध्ये युरोपीय संघाने त्याला कायदेशीर रूप देऊन पाच कोटी युरोंपर्यंत वाटा उचलला, आणि तेवढाच वाटा या आठ देशांनी उचलायचा ठरले; त्यातला काही भाग जहाजे आणि प्रयोगशाळा वापरायला देण्याच्या रूपातही चालत असे. पैसे वाटण्याआधी कोणत्या प्रश्नांवर काम करायचे, हे मच्छीमारांपासून सरकारी खात्यांपर्यंत सर्वांना विचारून ठरवण्याचा एक वेगळा टप्पा होता. मला त्यात हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

अरबी समुद्राला असा सामायिक निधी लाभलेला नाही, आणि काठावरच्या देशांचे राजकारण पाहता लवकर लाभेल असेही दिसत नाही. पण आपला समुद्र अगदी एकाकीही नाही. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजे त्यात होती, त्यांत आपल्या नौदलाचे आयएनएस किस्त्ना हेही होते, आणि त्यांनी गोळा केलेले प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, नमुने वर्गवारीसाठी कोचीनच्या केंद्रात येत. या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन केली. गोव्यातले दोना पावला इथले तिचे आवार तुम्ही पाहिले असेल. दुसऱ्या मोहिमेचा आरंभही डिसेंबर 2015 मध्ये याच संस्थेत झाला.

आज चालू असलेले उदाहरण म्हणजे ‘अर्गो’. पुरुषभर उंचीचे हे तरंगते यंत्र हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान व क्षारता मोजत येऊन उपग्रहाला कळवते. प्रत्येक देश आपली यंत्रे आपल्या पैशाने घेतो. भारताकडून हैदराबादचे इन्कॉइस हे समुद्राची माहिती पुरवणारे सरकारी केंद्र हे काम पाहते. मात्र माहिती सर्वांना खुली करायची, तीही शक्यतो चोवीस तासांत, हा नियम सर्वांचा मिळून आहे. एखादे यंत्र दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत वाहत गेले तर त्या देशाला आधी कसे कळवायचे, याचा ठराव युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने 1999 मध्येच केला. ही माहिती खोल समुद्राची असते; मालवणच्या उथळ पाण्यातल्या पोवळ्यांसाठी किनाऱ्याजवळची मोजणी वेगळीच लागते, आणि तिथे तुमच्यासारख्या रोज पाण्यात उतरणाऱ्यांच्या नोंदींना पर्याय नाही. हवामान आणि पर्यावरण संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांचा ‘बेलमाँट फोरम’ 2009 पासून आहे आणि आपले पृथ्वी विज्ञान मंत्रालय त्यात आहे. त्याच्या 2012 मधल्या पहिल्या आवाहनातला एक विषयच किनारपट्टीची असुरक्षितता हा होता.

प्रश्न : एका प्रकल्पासाठी आमच्या सोसायटीतल्या होड्यांनी दोन वर्षे रोजच्या मासळीच्या नोंदी दिल्या: किती बांगडा, किती तारली, किती वाव पाण्यात, कुठल्या ठिकाणी. आता त्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या होणार, असे ऐकले. आमच्या जागा मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांना आयत्या कळतील. हा नियम कोणी केला, आणि आम्ही काय करायचे? (मच्छीमार सोसायटीचे सदस्य, हर्णै)

उत्तर : संशोधनाची माहिती खुली करावी, ही अट आधी काही देशांच्या निधी संस्थांनी घातली आणि नंतर ती युरोपीय संघाच्या कार्यक्रमात गेली. तिथे तिला एक मर्यादाही जोडली गेली: माहिती शक्य तितकी खुली ठेवावी आणि गरज असेल तितकी बंद. देशोदेशींचे फॉर्म वेगवेगळे असल्याने संशोधक हैराण होत; म्हणून सायन्स युरोपने 2019 मध्ये सर्वांसाठी समान मुद्दे ठरवून दिले. माहिती कशी गोळा केली, कुठे साठवली, कायद्याच्या आणि नीतीच्या कोणत्या मर्यादा आहेत, कोणाला मिळणार आणि जबाबदारी कोणाची, हे संशोधकाने आधीच लिहून द्यायचे असते. त्याला डेटा व्यवस्थापन आराखडा म्हणतात. आपल्याकडे 2012 चे राष्ट्रीय डेटा धोरण सरकारी पैशातून जमलेल्या माहितीला लागू होते, आणि खुली न करण्याच्या माहितीची वेगळी यादी करण्याची सोय त्यातही आहे.

तुमची भीती खोटी नाही. मासळीची जागा ही तांडेलाची पिढीजात कमाई असते. पण माहिती खुली करणे म्हणजे प्रत्येक होडीचा ठावठिकाणा जाहीर करणे नव्हे. नोंदी महिन्यांच्या बेरजेने देता येतात, ठिकाणाऐवजी मोठ्या चौकटीचा आकडा देता येतो, होडीचे नाव काढून टाकता येते. शास्त्रीय निष्कर्षाला यातून फारशी बाधा येत नाही. प्रकल्प प्रमुखांना लेखी पत्र देऊन त्या आराखड्याची प्रत मागा. नोंदी देताना तुमच्या संमतीचा कागद झाला होता का, तेही विचारा. नसेल झाला, तर माहिती खुली होण्यापूर्वीच तो करून घ्या आणि ठिकाणे झाकण्याची अट त्यात लिहा. आराखडा इंग्रजीत असेल. सोसायटीच्या सभेत तो मराठीतून वाचून दाखवायला संशोधकांनाच बोलवा. पावसाळी बंदीच्या जून आणि जुलै महिन्यांत सगळे तांडेल घरी असतात, तेव्हा ही सभा ठेवणे सोयीचे पडेल.